गाळ उपसण्याच्या कार्यादेशात कासवासाठी चार अटी हव्यात

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

जानेवारी उजाडला की कोकणातल्या नद्यांत पोकलेन उतरतात आणि पहिल्या पावसापर्यंत वर येत नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव नदीतला, महाडला सावित्रीतला गाळ काढण्याची जी निकड लोकांना वाटली, ती खरीच आहे. ज्यांच्या घरात पुराचे पाणी माळ्यापर्यंत चढले, त्यांना गाळ काढू नका असे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि आमची तशी इच्छाही नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. त्या गाळात एक प्राणी राहतो. पाणी कमी झाले की तो तिथेच रुतून बसतो. मग तो यंत्राच्या बकेटखाली सापडतो, डंपरमध्ये भरला जातो, आणि त्याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही. कार्यादेशात मोजक्या अटी घातल्या तर यातले बरेचसे मरण टळते. त्या अटी कोणत्या आणि तशाच का, हे आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांपुढे, विशेषतः नगरपालिका, ग्रामपंचायती आणि जलसंपदा विभागातल्या अभियंत्यांपुढे ठेवतो.

कोकणात कासव म्हटले की वेळास आठवते. मंडणगड तालुक्यातल्या या गावात २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आज लोक पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लांबून येतात. हे मोठे काम आहे. पण त्यामुळे कासव म्हणजे समुद्रातले, अशी एक समजूतही पक्की झाली आहे, आणि गोड्या पाण्यातल्या कासवांना तिचा त्रास होतो. तो कसा, ते पुढे येईलच.

आपल्या गोड्या पाण्यात तीन कासवांची ओळख असायला हवी. गावात तिघांना नाव एकच. पहिले काळे कासव. त्याचे कवच कठीण, काळपट, आणि पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या तीन उभ्या धारा असतात. पऱ्ह्यात, तळ्यात, ओलसर बागायतीत ते हिंडते. दुसरे फ्लॅपशेल, म्हणजे झडपांचे कासव. पाठ घुमटासारखी आणि मऊ चामड्याची, लांबी बहुधा वीत-दीड वीत. उलटे करून पाहिले तर मागच्या पायांजवळ दोन झडपा दिसतात. पाय आत ओढले की त्या मिटतात. भातखाचरांत, विहिरींत, पाझर तलावांत सर्वांत जास्त भेटते ते हेच.

तिसरे लेथचे मऊ कवचाचे कासव, शास्त्रीय नाव निल्सोनिया लीथी. हे केवळ भारतीय द्वीपकल्पात सापडते. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि मुंबई इलाख्यातल्या अँड्र्यू लेथ या डॉक्टरांचे नाव त्याला दिले. म्हणजे हे कासव शास्त्राला ठाऊक झाले तेच आपल्या मुलखातून. भीमा, कृष्णा, गोदावरी, कावेरी या खोऱ्यांत आणि सह्याद्रीच्या पश्चिमेला केरळपर्यंतच्या नद्यांत त्याच्या नोंदी आहेत. पाठ तव्यासारखी चपटी, रंग शेवाळी-राखाडी, नाक सोंडेसारखे पुढे आलेले. हिरवट डोक्यावर डोळ्यांच्या मधून मानेकडे जाणारी एक काळी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा असतात. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यासारखे चार, क्वचित सहा ठिपके असतात. वय वाढते तसे ते पुसट होतात. मागच्या पायांना झडपा नसतात. पूर्ण वाढलेल्याची पाठ अर्ध्या मीटरहून मोठी होते. तेव्हा डोहात परातीएवढे चपटे कासव दिसले, तर ते फ्लॅपशेल नव्हे हे तिथेच ठरते.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत लेथचे कासव आता 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे. निसर्गातून नामशेष होण्याच्या अलीकडची ही शेवटची पायरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची परिषद झाली, तिथे भारताच्या प्रस्तावावरून त्याला परिशिष्ट दोनमधून परिशिष्ट एकमध्ये घेतले गेले, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्या पहिल्या अनुसूचीत लेथचे कासव आहे आणि फ्लॅपशेलही आहे. मारणे, पकडणे, बाळगणे यांना तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. कायदा एवढा कडक आहे. पण पोकलेनच्या ऑपरेटरला त्यातले एक अक्षर कोणी सांगितलेले नसते, आणि दोष त्याला देता येत नाही.

मऊ कवचाचे कासव गाळात का राहते, हे कळले की पुढचे सगळे समजते. त्याच्या पाठीवर खवल्यांच्या ढाली नसतात. मध्यभागी हाड, कडेला लवचिक कूर्चा आणि वरून चामडे. उन्हात ही कातडी लवकर सुकते. कोल्हा, कुत्रा, मगर यांच्या दातांपुढे ती टिकतही नाही. म्हणून त्याचे घर म्हणजे तळाचा मऊ गाळ आणि बारीक रेती. अंग थरथरवून ते गाळात शिरते, वर फक्त डोळे आणि नाक ठेवते, आणि मासा, खेकडा, शिंपला टप्प्यात आला की लांब मान बाणासारखी सोडते. श्वासासाठी पूर्ण वर यावे लागत नाही. उथळ पाण्यात नुसती मान ताणून नाकाचे टोक पृष्ठभागाला लावले की भागते. शिवाय घशाच्या अस्तरातून आणि कातडीतून पाण्यातला थोडा प्राणवायू त्याला मिळतो. स्वच्छ, हलत्या पाण्यात हा आधार मोठा आहे. गढूळ, तापलेल्या, कुजक्या पाण्यात तो उरत नाही.

यातून कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निघते. नाक वर पोहोचायला हवे, म्हणून कासव खोल गाडून घेत नाही. ते वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात असते. खालचा दोन-तीन मीटर गाळ नेहमीच्या वेगाने काढला तरी चालेल. जपायचा आहे तो वरचा थर. सगळे काम हळू करा असे आम्ही म्हणत नाही. पहिला हात तेवढा हळू फिरवा.

दुसरी गोष्ट डोहाची. वाशिष्ठीला कोयना प्रकल्पाचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी कोळकेवाडीहून येते, म्हणून ती मे महिन्यातही वाहते. सावित्री, जगबुडी, शास्त्री, काजळी यांच्या वरच्या पात्रांत मात्र एप्रिलनंतर पाणी उरते ते बहुतेक डोहांत. नदीतले सगळे जीव त्या चार-दोन जागी गोळा झालेले असतात. मासे तिथे, मगर तिथे, कासव तिथे, आणि काम सोपे जाते म्हणून पंप लावून उपसायला घेतात तोही डोहच. खरे तर डोह नदीने स्वतः खोदलेला असतो. पुराचा जोर तिथे सर्वांत जास्त, म्हणून तिथे साचलेला गाळ पुरात बराचसा धुऊन निघतो. पूर अडवणारा गाळ साचतो तो मुख्यतः पात्र रुंद होऊन वेग मंदावतो तिथे, पुलाच्या खांबांमागे आणि नदी खाडीला मिळते त्या पट्ट्यात. डोह सोडून या जागा आधी साफ केल्या तर पुराच्या दृष्टीने तोटा नाही आणि डिझेलही वाचते. सरधोपट एका पातळीत, एका उताराने सबंध पात्र खरवडून काढले की ते कालव्यासारखे दिसते. मोजमापाला ते सोपे पडते, म्हणून तसे केले जाते. पण त्यात डोहही जातो आणि रेतीचा उंचवटाही जातो.

रेतीच्या उंचवट्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवे, कारण त्याला 'अडथळा' म्हणून सर्वांत आधी कात्री लागते. मादी अंडी घालायला पाण्याबाहेर येते आणि उतरत्या काठावर किंवा अशा उंचवट्यावर खड्डा करते. काढलेला गाळ काठावर उभा रचला, किंवा काठाला उभी दगडी भिंत किंवा गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेली भिंत) बांधली, की तिला वर चढताच येत नाही. पोटात अंडी घेऊन ती त्याच भिंतीशी फेऱ्या मारते आणि अखेर पाण्यात अंडी टाकते. ती वाया जातात. शहराच्या हद्दीत भिंत लागणारच, हे मान्य. पण दर दोनशे-अडीचशे मीटरवर दहा-पंधरा मीटर रुंदीचा, एकास तीन किंवा त्याहून सौम्य उताराचा मातीचा काठ ठेवता येतो. गुरे, धोबी, गणपती विसर्जन, सगळ्यांना तो उपयोगीच पडतो.

आता अटींकडे येतो. पहिली अट पाहणीची. काम सुरू होण्याआधी पंधरा दिवस, सलग तीन सकाळी, उन्हे वर आल्यावर, प्रत्येक डोहावर समोरच्या काठावरून अर्धा तास दुर्बीण लावून बसावे. पाण्यावर नाकाची टोके मोजावीत, खडकावर ऊन खात बसलेली कासवे मोजावीत, आणि रेतीवर ओढत गेल्याच्या खुणा पाहाव्यात. घोरपड, मुंगूस, कोल्हा यांनी उकरलेले खड्डे आणि त्याभोवती पांढऱ्या कवचांचे तुकडे दिसले तर तिथे घरटी होत असतात, असे धरून तो तुकडा नकाशावर रंगवावा आणि यंत्रासाठी बंद ठेवावा. ही पाहणी वनरक्षक आणि त्या डोहावर मासे धरणारे स्थानिक भोई यांनी मिळून करावी. भोई मंडळींना कुठे काय बसते ते ठाऊक असते. त्यांना त्या दिवसांची मजुरी द्यावी आणि अंदाजपत्रकात ती वेगळी दाखवावी.

दुसरी अट डोहाची. नाइलाजाने डोह उपसायचाच असेल तर किमान एक तृतीयांश भाग, तोही सर्वांत खोल, त्या वर्षी हात न लावता ठेवावा. काम उथळ टोकाकडून सुरू करून खोल भागाकडे न्यावे, म्हणजे हलू शकणारे जीव आपोआप तिकडे सरकतात. दोन्ही टोकांनी दोन यंत्रे घुसवली की मधले सगळे सापळ्यात सापडते. पंप लावला तर पाणी ओढणाऱ्या तोंडाशी, फूटव्हॉल्व्हभोवती, बारीक जाळीची टोपली बांधावी, नाहीतर पिल्ले त्यात ओढली जातात. पाणी एका रात्रीत उपसू नये. डोह अचानक कोरडा पडला की पहाटे कुत्र्यांचे टोळके तिथे पोहोचते, आणि उघड्यावर पडलेल्या मऊ कवचाच्या कासवाला त्यांच्यापुढे काही उपाय नसतो.

तिसरी अट वरच्या थराची. यंत्र उतरण्याआधी दोन माणसांनी बोथट टोकाचा, दीड-दोन मीटरचा बांबू घेऊन हातभर अंतरावर गाळ हलके चाचपत जावे. दगडाला बांबू खट्ट वाजतो. कासवाच्या पाठीला लागला तर रबरावर टेकल्यासारखा वाटतो आणि बहुधा खाली हालचालही जाणवते. लोखंडी सळई कदापि वापरू नये, ती पाठीतून आरपार जाते. त्यानंतर वरचा अर्धा मीटर थर यंत्राने पातळ पातळ काढून थेट डंपरमध्ये न टाकता काठावर वीतभर जाडीचा पसरावा, दाताळ्याने एकदा उलटावा, दहा मिनिटे थांबावे आणि मग भरावा. हे काम सकाळी अकरापर्यंत आणि दुपारी चारनंतर करावे. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या रेतीवर उघडे पडलेले कासव थोड्याच वेळात मरते.

चौथी अट माणसांची. कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पकडणेही येते, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणेही येते. म्हणून चांगल्या हेतूने का होईना, मजुराने स्वतःच कासव उचलून दुसरीकडे नेणे अडचणीचे ठरू शकते. कामाच्या आधीच वन विभागाला लेखी कळवून परवानगी घ्यावी, वनरक्षकाची हजेरी ठरवून घ्यावी, आणि वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक यंत्राच्या केबिनमध्ये चिकटवावा.

कासव सापडलेच तर ते हाताळण्यात चुका फार होतात, आणि यंत्रातून वाचलेले कासव त्या चुकांनी मरते. मऊ कवचाच्या कासवाची मान पाठीच्या निम्म्याहून मागे पोहोचते आणि चावा खोल बसतो. काठीने त्याला चावायला लावून ओढू नये, जबडा मोडतो. दोन्ही हातांनी पाठीच्या मागच्या कडेला, मागच्या पायांलगत धरून, डोके आपल्यापासून लांब ठेवून, जमिनीलगतच उचलावे. मोठे असेल तर खाली ओला गोणपाट सरकवून झोळीसारखे दोघांनी न्यावे. शेपटी किंवा पाय धरून लोंबकळवू नये. उलटे तर ठेवूच नये, कारण त्याची फुफ्फुसे पाठीलगत असतात आणि उलटे केले की सगळ्या आतड्यांचा भार त्यांच्यावर येतो. ठेवायला टब किंवा घमेले घ्यावे. तळाशी ओला गोणपाट, वरून ओला गोणपाट, सावली, आणि एका टबात एकच कासव. टब पाण्याने भरू नये. दमलेले, जखमी कासव वर मान काढू शकत नाही आणि टबातच बुडते. हे ऐकायला विचित्र वाटते, पण कासव बुडून मरते, आणि हे न कळल्यामुळे पुष्कळदा मरते.

जखम असेल तर हळद, चुना, ग्रीस, काहीही भरू नये. स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून पशुवैद्यकाकडे न्यावे. कूर्चेची कड फाटलेली असेल तर ती भरून येऊ शकते. मधले हाड फुटले असेल तर वेळ कमी असतो. जखम नसेल तर डोक्याचा, पाठीचा आणि पोटाचा एकेक फोटो घ्यावा, पाठीची सरळ लांबी टेपने मोजावी, जागा आणि तारीख लिहावी. डोक्याचा फोटो विसरू नये, लेथच्या कासवाची ओळख त्या रेघांवरूनच पटते. या अतिसंकटग्रस्त कासवाची एक खात्रीची, फोटोसह नोंद त्या नदीच्या पुढच्या प्रत्येक आराखड्यात वजन टाकते.

सोडायचे ते त्याच दिवशी, त्याच नदीत, कामाच्या जागेच्या वरच्या अंगाला असलेल्या, न खोदलेल्या डोहात. संध्याकाळी काठावर ठेवून बाजूला व्हावे; ते आपले आपण पाण्यात जाते. पुलावरून टाकू नये. शेजारच्या नदीत, धरणात, देवळाच्या तळ्यात नेऊ नये. एका पाण्यातले आजार दुसऱ्यात जातात. आणि इथेच तो समुद्राचा त्रास सुरू होतो. किनाऱ्यालगतच्या गावांत नदीतले कासव सापडले की चांगल्या मनाची माणसे ते उचलून थेट समुद्रात किंवा खाडीत सोडतात, टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. गोड्या पाण्यातल्या कासवाची ती शिक्षा आहे. सोडण्याआधी त्याचे पाय पाहावेत, एवढे पुरे. वल्ह्यासारखे सपाट, बोटे न दिसणारे पाय असतील तर ते समुद्राचे. बोटांमध्ये पडदे आणि पुढे नखे असतील तर ते गोड्या पाण्याचे, आणि भरतीचे पाणी जिथवर चढते त्याच्या वरच त्याला सोडायला हवे. हत्तीच्या पायासारखे खांब असतील तर ते जमिनीवरचे, आणि पाण्यात सोडले तर बुडेल.

वेळासची दुसरी नक्कल अंड्यांच्या बाबतीत होते. नदीकाठी अंडी सापडली की ती काढून किनाऱ्यावरच्या हॅचरीत, म्हणजे अंडी राखण्याच्या कुंपणात, नेण्याचा मोह होतो. तसे करू नये. ऑलिव्ह रिडलेची अंडी पन्नास-पंचावन्न दिवसांत फुटतात, म्हणून तेवढ्या दिवसांनी लोक घरटे उकरून पाहतात. फ्लॅपशेलच्या अंड्यांतल्या गर्भाची वाढ काही काळ थांबून राहते आणि ती निसर्गात आठ-नऊ महिनेही जमिनीत असू शकतात. पावसाळा सरताना घातलेली अंडी पुढच्या पावसाच्या तोंडावर फुटतात. दोन महिन्यांनी उकरणारा माणूस जिवंत अंडी 'खराब' म्हणून फेकून देतो. अंडी सापडली तर ती तशीच झाकावीत, भोवती काटेरी फांद्यांचे किंवा जाळीचे कुंपण करावे आणि यंत्राला तिथून दहा मीटर लांब ठेवावे. यंत्राच्या बकेटने घरटे उघडेच पडले असेल आणि वनरक्षक हजर असेल, तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करावी, ती बाजू वरच राहील अशा बेताने ओल्या रेतीत ठेवून जवळच्याच उंच काठावर तेवढ्याच खोलीवर पुरावे. अंडे फिरले की आत कवचाला चिकटलेला गर्भ सुटतो आणि मरतो. लेथच्या कासवाची अंडी गोल, सुमारे ३० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे रिडलेच्या अंड्यापेक्षा बरीच लहान असतात.

पण इथे एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. नदीतल्या कासवांसाठी अंड्यांमागे धावणे हा पहिला उपाय नव्हे. ही कासवे उशिरा वयात येतात, आणि पिल्लांतली फार थोडी जगतात. त्यामुळे वीस वर्षे अंडी घालू शकणारी एक मादी पोकलेनखाली गेली, तर तिची भर शेकडो पिल्ले सोडूनही निघत नाही. मोठी कासवे आणि त्यांचे डोह टिकले तर बाकीचे ती स्वतः करतात.

पाझर तलाव आणि छोट्या धरणांचेही थोडे सांगतो, कारण 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत तिथेही यंत्रे चालतात. तलाव आटत जातो तशी फ्लॅपशेल काठच्या ओलसर मातीत शिरून पावसाची वाट पाहतात. पृष्ठभाग भेगाळलेला, कोरडा दिसतो, म्हणून खाली काही नाही असे वाटते. एका वर्षी तलावाचा एकच अर्धा भाग खोदावा, दुसरा पुढच्या वर्षी. गाळ शेतात पसरताना कासव आढळले तर वनरक्षकाला कळवून ते जवळच्या पाणी असलेल्या जागी सोडावे.

विहिरीतले कासव हा कोकणातला जुना जिव्हाळ्याचा विषय. कासव असले की विहिरीचे पाणी चांगले राहते, ही समजूत अनेक घरांत आहे. ते अळ्या, शेवाळ, मेलेले बेडूक खाते, हे खरे आहे. पण जांभ्याच्या उभ्या बांधणीच्या विहिरीतून त्याला बाहेर पडता येत नाही, ऊन मिळत नाही आणि मादीला अंडी घालायला माती नसते. नव्याने आणून टाकू नये. तो गुन्हाही आहे. आधीच पडलेले असेल तर पोफळीचा एक सोट तिरका सोडून त्याला आडव्या खाचा पाडाव्यात, चढून जायला तेवढा पुरतो. विहीर उपसून तिच्यात टीसीएल (पाणी निर्जंतुक करण्याची) पावडर जास्त प्रमाणात टाकणार असाल, तर आधी वन विभागाला सांगून कासव बाहेर काढून घ्यावे.

मासेमारीच्या बाबतीत दोन गोष्टींना माफी नाही. सुरुंग आणि ब्लीचिंग पावडर. उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग टाकले की मासे वर येतात, आणि बरोबर त्या डोहातली सगळी जीवसृष्टी संपते. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून स्फोटके आणि विष दोन्ही बंद आहेत. ज्या गावात हे चालते तिथे ते सगळ्या गावाला माहीत असते.

साध्या जाळ्याने, गळाने पोट भरणाऱ्या माणसाशी मात्र आमचे भांडण नाही. रात्रभर लावून ठेवलेल्या जाळ्यात अडकलेले कासव सकाळी मेलेले मिळते. दर दोन-तीन तासांनी जाळे पाहिले तर जिवंत मिळते. गळ गिळला असेल तर दोरी ओढू नये, आतडे फाटते. तोंडापासून हातभर दोरी ठेवून बाकीची कापावी. अगदी ओठाजवळ कापली तर पशुवैद्यकाला गळ शोधायला धागाच उरत नाही. समुद्रात संरक्षित कासव किंवा देवमासा सोडवताना जाळे कापावे लागले, तर राज्य सरकार २०१८ पासून मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. नदीतल्या भोयाला अशी तजवीज हवी. त्याचे जाळे लहान, किंमत कमी, भरपाईही कमी लागेल. अतिसंकटग्रस्त कासव नदीत आहे आणि भरपाई फक्त समुद्रात आहे, ही विसंगती मत्स्यव्यवसाय विभागाने दूर करावी.

'वीस नखी' कासवाने धन मिळते असे सांगून भोळ्या माणसांना लुबाडणाऱ्यांविषयी एकच वाक्य. मऊ कवचाच्या कासवाला प्रत्येक पायावर तीनच नखे असतात, एकूण बारा. आणि दुकानातून आणलेले, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले परदेशी कासव कंटाळा आला म्हणून नदीत किंवा तळ्यात सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी आगंतुक प्राण्यांच्या यादीत ते आहे.

या अटी कधी घालायच्या, हा शेवटचा आणि सर्वांत व्यवहाराचा प्रश्न. यंत्र उतरल्यावर मुकादमाकडे गेलो तर त्याच्या हातात काही नसते. अंदाजपत्रके पावसाळा संपताना तयार होतात आणि निविदा दिवाळीच्या आगेमागे निघतात. अंदाजपत्रकात दोन निरीक्षकांची मजुरी, वरच्या थराच्या संथ उपशाचे जादा तास आणि सौम्य उताराचे काठ हे तीन बाबींखाली दाखवले, तरच ठेकेदार ते करील, कारण त्याला त्याचे पैसे मिळतील. म्हणून ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत यंदा गाळ निघणार आहे, त्यांनी ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या डोहांची नावे लिहून ठराव करावा आणि त्याची एक प्रत जलसंपदा विभागाच्या उपविभागीय अभियंत्याला, एक परिक्षेत्र वन अधिकाऱ्याला द्यावी. डोहांना आपल्याकडे नावे असतातच. ठरावात तीच नावे घालावीत, म्हणजे नकाशावर बोट ठेवता येते.

आपले,
वाशिष्ठी व सावित्री खोऱ्यांतील काही निसर्ग अभ्यासक